मीठ धुणारा माणूस

पावसाळा लागला की आमच्या घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं. चिनी मातीची, वर तपकिरी आणि खाली पिवळट अशी ती बरणी. आई तिच्यात तांदळाचे दाणे टाकायची, वर फडकं बांधायची, चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवायची, तरी श्रावण येईपर्यंत तळाशी बोटभर पाणी साचलेलंच असायचं. मग ती वाण्याच्या नावानं चार शब्द बोलायची आणि शेवटी म्हणायची, "यंदाचं मीठ कडू आहे मेलं." आम्ही मुलं हसायचो. मीठ खारट असतं, कडू कसं असेल? आईचं म्हणणं शब्दशः खरं होतं हे कळायला मला पुढं वीस-पंचवीस वर्षं लागली, आणि ते कळवणारा माणूस शाळामास्तर नव्हता की प्रोफेसर नव्हता. त्या माणसाशी मी जे वागलो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे. पण आधी आमच्या नातीविषयी सांगायला हवं, कारण हे सगळं वर आलं ते तिच्यामुळं.

नात आठवीत आहे. मागच्या महिन्यात ती पुढ्यात वही घेऊन डोळे मिटून घोकत होती, "मिश्रणातील क्षारांच्या विद्राव्यतेतील फरकाचा उपयोग करून ते वेगळे करता येतात." दोन गुणांचा प्रश्न. मी विचारलं, "म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे काय ते विचारत नाहीत परीक्षेत." उत्तर अगदी प्रामाणिक होतं. मी वाणिज्य शाखेचा माणूस, हयात बँकेत गेली, उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला. पण हे एक वाक्य मला नीट कळतं, आणि ते का कळतं याचीच ही गोष्ट आहे. म्हटलं, चल, करून बघू.

वाण्याकडून तुरटी आणली, कुटली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुरटीची पूड साठ ग्रॅम आणि साधं मीठ वीस ग्रॅम मोजून एकत्र कालवलं. दोन्ही पांढरं. आता हे निवडून दाखव म्हटल्यावर नात माझ्याकडं बघत राहिली. चाळणीनं होणार नाही, चिमट्यानं होणार नाही. मग स्टीलच्या पातेल्यात दोनशे मिलिलिटर पाणी चांगलं गरम केलं, त्यात ते मिश्रण टाकून ढवळलं. दोन्ही विरघळलं, पाणी स्वच्छ झालं. ते काचेच्या बरणीत ओतून, वर ताटली ठेवून आम्ही झोपलो. सकाळी बरणीच्या तळाशी लखलखीत खडे बसले होते. आठ पैलूंचे, दोन्हीकडून निमुळते, जणू दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून जोडलेले. ते उचलून बर्फाच्या थेंबभर पाण्यानं विसळले, वाळवून तोलले. तीस ग्रॅमच्या आतबाहेर भरले. नातीनं एक खडा जिभेला लावला. (शाळेच्या प्रयोगशाळेत कुठल्याही गोष्टीची चव घ्यायची नसते, हे तिला आधी बजावलं. हे आपलं स्वयंपाकघर म्हणून चाललं.) तोंड वाकडं करून ती म्हणाली, "तुरट! खारट मुळीच नाही."

मीठ गेलं कुठं? ते पाण्यातच राहिलं, सगळंच्या सगळं. माझ्यासारख्या बँकवाल्याला हा हिशेब फार आवडतो. पाणी प्रत्येक क्षाराचं वेगळं खातं ठेवतं, आणि प्रत्येक खात्यात जास्तीत जास्त किती शिल्लक ठेवून घ्यायची याची मर्यादा ठरलेली असते. गंमत अशी की ही मर्यादा उष्णतेप्रमाणं बदलते, आणि सगळ्यांची सारखी बदलत नाही. मिठाची मर्यादा बारमाही एकच म्हणावी अशी. शंभर ग्रॅम पाणी वीस अंशांना छत्तीस ग्रॅम मीठ सामावून घेतं, आणि उकळत्या पाण्यात फार तर एकोणचाळीस. तुरटीचं तसं नाही. गरम पाणी तिला भरभरून घेतं आणि निवलं की बहुतेक परत करतं. आमच्या बरणीत वीस ग्रॅम मिठाला जागा हवी तेवढी होती, त्यामुळं ते जागचं हललं नाही. तुरटी तेवढी बाहेर पडली. यात कुणाला निवडावं लागलं नाही. निवडलं ते पाण्यानं. आपण फक्त गरम केलं आणि थांबलो.

थांबायचं कधी, एवढंच काय ते शिकायचं असतं. ते मला ज्यानं दाखवलं त्याच्याकडं आता येतो.

१९८८ साली माझी बदली रायगड जिल्ह्यात खाडीकाठच्या एका शाखेत झाली. शेती आणि लघुउद्योगांची कर्जं माझ्या टेबलावर. भोवताली भातशेती, खाजणं आणि मिठागरं. न्हावा-शेवाचं बंदर तेव्हा बांधून होत आलं होतं, पुढच्याच वर्षी ते सुरू झालं. एक दिवस एक आगरी गृहस्थ आले. साठीचे असतील. गुडघ्याखाली पायांना मिठानं पडलेल्या पांढऱ्या भेगा. मुलाच्या मदतीनं मिठागराचे काही वाफे खंडानं घ्यायचे होते, उधाणानं फुटलेला बांध घालायचा होता, त्यासाठी कर्ज हवं होतं. रक्कम आज सांगितली तर तुम्ही हसाल. मी नियमाप्रमाणं जागा बघायला गेलो.

तोवर माझी समजूत अशी की मीठ पिकवणं म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात वाळू द्यायचं आणि खाली उरेल ते खरवडायचं. त्यात कळण्यासारखं काय आहे? त्यांनी मला बांधावरून चालवत नेलं आणि एकेका वाफ्यापाशी थांबवलं. हे पाणी कालच्या भरतीचं. हे आठवड्याचं. इथं तळाला पांढरी, करकरीत पापडी धरली आहे ती मिठाची नाही, हे पाणी अजून मीठ द्यायचं नाही. त्यापुढच्या वाफ्यात पाण्याला किंचित गुलाबी झाक आली होती. हे आज-उद्या मीठ धरेल. आणि अगदी शेवटी, मीठ काढून घेतलेल्या वाफ्यात उरलेलं थोडं पाणी. त्यांनी ते माझ्या बोटांवर सोडलं. तेलासारखं बुळबुळीत लागलं. हे काढून टाकायचं, म्हणाले. यातून अजूनही मीठ पडतं, पण ते लोकांना द्यायचं नाही.

नंतर पुस्तकांतून पडताळलं तेव्हा कळलं की त्या बांधावरून चालताना मी एका रसायनशास्त्राच्या कोष्टकावरूनच चालत होतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सत्तावीसेक ग्रॅम आपलं खायचं मीठ. उरलेल्यात मॅग्नेशियमचे क्षार, जिप्सम, थोडं पोटॅशियम, थोडा चुना, किंचित ब्रोमीन. पाणी आटत जातं तसे हे सगळे आपापल्या मर्यादेप्रमाणं एकामागून एक बाहेर पडतात. आधी चुना, मग जिप्सम. ती करकरीत पापडी जिप्समची. दहा हंड्यांतलं नऊ हंडे पाणी उडून गेलं की मीठ पडायला लागतं. मॅग्नेशियमच्या क्षारांना पाणी सर्वांत जास्त सामावून घेतं, म्हणून ते शेवटपर्यंत पाण्यात दडून राहतात आणि पाणी फारच थोडं उरलं की मिठाबरोबर खाली यायला लागतात. ते चवीला कडू. हवेतलं पाणी ओढून घेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. अगदी शुद्ध मीठही फार दमट हवेत ओलं होतं, पण मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ त्याच्या कितीतरी आधी पाझरायला लागतं. आईच्या बरणीतलं पाणी हेच. कुठल्याशा मिठागरात कुणीतरी दोन दिवस जास्त थांबलं होतं, किंवा जास्त थांबायला कुणीतरी लावलं होतं.

कारखान्यांत हे सगळं एका तरंगत्या काचेच्या नळीनं मोजतात. आंत्वान बोमे नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्यानं १७६८ मध्ये ती प्रचारात आणली, आणि मीठवाले अजून बोमेच्या अंशांत बोलतात. समुद्राचं पाणी साडेतीन अंशांच्या आसपास, मीठ पंचवीसच्या सुमाराला धरायला लागतं, एकोणतीस-तीसला थांबायचं. त्या गृहस्थांकडं नळी नव्हती. पाण्याचा रंग, बोटांना लागणारा स्पर्श, वाऱ्याची दिशा आणि जीभ. त्यांनी वाफ्याजवळून दोन ढिगांतलं चिमूट-चिमूट मीठ माझ्या तळहातावर ठेवलं. "सायब, दोनी चाखून बघा." एक नुसतं खारट. दुसरं आधी खारट आणि मग जिभेच्या मुळाशी कडू. तिथं उन्हात उभं असताना मला आमचा कोनाडा आठवला.

आणि मग त्यांनी ते केलं ज्याला मी हसलो. दुसऱ्या, कडू ढिगातलं मीठ त्यांनी टोपलीत घेतलं आणि वर पाणी ओतून ते धुतलं. मीठ धुतलं! तांदूळ धुवावेत तसं. मी म्हटलं, "अहो काका, विरघळून जाईल सगळं." ते नुसते हसले. पाणी निथळल्यावर टोपली दाखवली. मीठ होतं तेवढंच होतं. चाखलं. कडूपणा जवळजवळ गेला होता.

मला ती हातचलाखी वाटली. परतल्यावर शाखेत मी तो किस्सा रंगवून सांगितला आणि सगळे हसले. त्यांनी काय केलं होतं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. टोपलीवर ओतलेलं पाणी साधं नव्हतं. मीठ धरायला टेकलेल्या गुलाबी वाफ्यातलं होतं. त्या पाण्याचं मिठाचं खातं काठोकाठ भरलेलं, त्यामुळं त्याला आणखी मीठ घेता येत नव्हतं. मॅग्नेशियमच्या खात्यात मात्र भरपूर जागा होती. म्हणून त्यानं मिठाला हात लावला नाही आणि खड्यांना चिकटलेलं कडू तेवढं उचलून नेलं. रसायनाच्या मोठमोठ्या कारखान्यांत खडे धुवायची हीच रीत आहे. ज्याचे खडे, त्याच्याच भरल्या द्रावणानं धुवायचे.

आता माझं सांगतो. कर्जाच्या अर्जाबरोबर अधिकाऱ्यानं भरायचा एक तक्ता असे. त्यात शिक्षण, मालमत्ता, जामीनदार यांच्या खाली एक रकाना होता, "व्यवसायाचे तांत्रिक ज्ञान". मी त्यात लिहिलं, "नाही. अकुशल." अर्ज नामंजूर झाला. जमिनीचे कागद धड नव्हते हे मुख्य कारण होतं, आणि तो रकाना मी वेगळा भरला असता तरी कदाचित निकाल बदलला नसता. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण शाखाप्रमुखांनी सही करताना विचारलं होतं, "माणूस जाणकार आहे का?" तेव्हा मी तोंड उघडू शकलो असतो. जिभेवर ती कडू चव अजून होती. मी म्हटलं, "नाही साहेब, मीठ धुतो." पुन्हा एकदा हशा झाला.

ते परत आले नाहीत. आपलं काय चुकलं हे मला त्यानंतर सात-आठ वर्षांनी कळलं. एका कादंबरीसाठी बंदुकीच्या दारूचा इतिहास वाचत होतो. ती कादंबरी पुढं झाली नाही, पण वाचन कामी आलं.

बंदुकीच्या दारूचा तीन-चतुर्थांश भाग सोरा असतो. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आपल्याकडं तो पाणी गार करायलाही वापरत. ऐन-ए-अकबरीत त्याचा उल्लेख आहे. सोरा पाण्यात विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, त्यामुळं त्या पाण्यात ठेवलेली सुरई थंड होते. सतराव्या-अठराव्या शतकांत जगातला उत्तम सोरा बिहारातून, पाटण्याच्या बाजारातून जात असे, आणि त्यासाठी डच, इंग्रज, फ्रेंच सगळे तिथं ठाण मांडून होते. प्लासीनंतर १७५८ मध्ये क्लाइव्हनं मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता कंपनीकडं घेतला. पुढं क्रांतीच्या काळात फ्रान्सला बाहेरचा सोरा मिळेनासा झाला, तेव्हा तिथल्या नागरिकांना तळघरांच्या भिंती खरवडून तो जमवावा लागला. युरोपातल्या लढायांचं पारडं असं बिहारच्या मातीवर हलत होतं.

हा सोरा काढत कोण? नोनिया नावाची जात. नाव 'नोन' म्हणजे मिठावरूनच पडलेलं. गावातली जुनी मातीची घरं, गोठे, उकिरडे, जिथं वर्षानुवर्षं गुरांचं मूत आणि राख मुरलेली, तिथल्या जमिनीवर पाऊस सरल्यावर पांढरा फुलोरा येतो. तो खरवडायचा, मातीच्या गाळणीत भरून वरून पाणी सोडायचं, लाकडाची राख मिसळायची, खाली झिरपलेलं पाणी आटवायचं. हाती येतो तो कच्चा सोरा, आणि त्यात मीठ बरंच असतं. मीठ असलेल्या सोऱ्याची दारू दमट होते, पेटत नाही. म्हणजे प्रश्न आमच्या नातीच्या वहीतलाच. दोन पांढरे क्षार, वेगळे करा.

आकडे बघा. शंभर ग्रॅम उकळतं पाणी सुमारे दोनशे चाळीस ग्रॅम सोरा घेतं, आणि मीठ एकोणचाळीस. तेच पाणी वीस अंशांवर निवलं तर त्यात सोरा राहतो जेमतेम बत्तीस ग्रॅम, आणि मीठ छत्तीस. दोघं एकत्र असले की हे आकडे थोडे हलतात, पण हिशेब तोच. उकळत्या कढईत सोरा वर पाण्यात राहतो आणि जास्तीचं मीठ तळाशी बसतं, ते झाऱ्यानं काढून घ्यायचं. मग वरचं स्वच्छ पाणी पसरट भांड्यांत ओतून निवू द्यायचं, की सोऱ्याच्या लांब सुया धरतात आणि उरलेलं मीठ पाण्यातच राहतं. गरम असताना एक निघतं, गार झाल्यावर दुसरं. युरोपात हे कोष्टकात मांडलं जाण्याच्या कितीतरी आधीपासून पाटण्याच्या आसपासच्या गावांत ते रोज होत होतं.

आणि राज्यकर्त्यांनी त्याचं काय केलं? झाऱ्यानं काढलेलं ते तळाचं मीठ बेकायदा ठरवलं. मिठावर कर होता, मीठ सरकारचं. उत्तर भारतात सोरा करायला परवाना लागे आणि त्यातून निघालेल्या मिठावर मीठखात्याची नजर असे. कर भरल्याशिवाय ते विकणं हा गुन्हा होता. सोरा सरकारला हवा होता. पण सोरा शुद्ध करायचा तर मीठ निघणारच, तो पाण्याचा स्वभाव आहे. ज्या कौशल्यावर साम्राज्याच्या तोफा चालल्या त्याच कौशल्याचा अर्धा भाग गुन्हा झाला. १९३० साली दांडीला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं, आपल्याकडं शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्या वेळी समुद्र नसलेल्या बिहारनं काय केलं असेल? चंपारण आणि सारण जिल्ह्यांत सत्याग्रह्यांनी खाऱ्या मातीपासून मीठ काढलं. ती विद्या नोनियांची होती.

हे वाचताना मला तो रकाना आठवला. मीठखात्याच्या अंमलदारानं निदान एवढं ओळखलं होतं की या माणसाला काहीतरी येतं, म्हणून तर तो पहारा ठेवत होता. मी तेवढंही ओळखलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आता याचं काय? आता मीठ कारखान्यात धुऊन, वाळवून, आयोडीन घालून पिशवीत येतं, बरणीला पाणी सुटत नाही, आणि हा म्हातारा जुन्या मिठागरांचे गोडवे गातो आहे. तसं नाही. मिठागरातलं जिणं मी पाहिलेलं आहे. मिठात काम करून सडलेले तळवे, उन्हाची डोळ्यांवर येणारी तिरीप, हंगामभर राबून हाती पडणारे पैसे. त्या गृहस्थांच्या नातवानं खाडीच्या पाण्यात उभं राहू नये असंच मला वाटतं. माझं भांडण वेगळं आहे. कारखान्यातलं यंत्र तेच करतं जे ते करत होते, आणि यंत्र चालवणाऱ्याला आपण इंजिनिअर म्हणतो, पगार देतो, कर्ज देतो. पदवी हवीच. पण पदवी नसलेल्याच्या रकान्यात "ज्ञान नाही" असं लिहायचा अधिकार आम्हाला कुणी दिला होता?

यात नुसत्या मानापमानाचा प्रश्न नाही, पैशाचाही आहे. मीठ काढून उरलेल्या त्या बुळबुळीत पाण्यात मॅग्नेशियम असतं, ब्रोमीन असतं आणि पोटॅशही असतं. पोटॅश खतासाठी आपला देश जवळजवळ पूर्णपणे परदेशांवर अवलंबून आहे. भावनगरला १९५४ पासून मीठ आणि सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, आणि या कडू पाण्यातून पोटॅश खत काढायच्या पद्धती तिनं बसवल्या आहेत. त्याही याच तत्त्वावर, एकेका क्षाराला त्याच्या वेळी बाहेर काढायच्या. मोठे कारखाने त्या वाटेनं जाऊ शकतात. लहान मिठागरात मात्र ते पाणी आजही सोडून दिलं जातं. लहान मिठागरांनी एकत्र येऊन हे पाणी साठवावं, त्याचा भाव ठरावा, त्यांना त्यासाठी भांडवल मिळावं, ही मागणी बँकेच्या टेबलावर आली तर माझ्या जागी आज बसलेल्या अधिकाऱ्यानं निदान ते पाणी बोटांवर घेऊन बघावं.

आणि शाळा. नातीच्या वहीतलं वाक्य चूक नाही, पण त्यात एकही आकडा नाही. किती पाण्यात, किती अंशांवर, किती वेळ? आकडा आणि थांबणं काढून घेतलं की या विषयात घोकण्यापलीकडं काही उरत नाही. मारी क्यूरीचं चरित्र आपण मुलांना सांगतो ते जिद्दीची कथा म्हणून. ती हातानं काय करत होती हे सांगत नाही. १८९८ मध्ये रेडियमचा शोध जाहीर झाला, पण रेडियम कुणी पाहिलं नव्हतं. मग बोहेमियातल्या खाणीचा कित्येक टन गाळ मागवून, गळक्या छपराखाली, स्वतःच्या उंचीएवढ्या लोखंडी दांड्यानं तो उकळत ढवळत, रेडियम आणि बेरियम या दोन जुळ्या क्षारांचं पाणी तिनं पुन्हा पुन्हा गरम केलं आणि निववलं. रेडियमचा क्षार जरासा कमी विरघळतो, म्हणून प्रत्येक वेळी खड्यांत तो जरासा जास्त येतो. ते खडे घ्यायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा निववायचे. १९०२ पर्यंत हाती लागला ग्रॅमचा दहावा हिस्सा. माझ्या आगरी काकांना तिचं काम एका मिनिटात कळलं असतं, आणि तिला त्यांचं.

शाळांना याला फार खर्च नाही. तुरटी, मीठ, एक काटा, एक तापमापक. कोकणातल्या शाळांनी मुलांना मिठागरावर न्यावं, जिथं ती उरली आहेत तिथं. विदर्भातल्या शाळांनी लोणारला न्यावं. तिथल्या सरोवराच्या काठी पूर्वी उन्हाळ्यात पाणी हटलं की वेगवेगळे क्षार धरत, आणि लोकांनी त्यांना दल्ला, पापडी, खुप्पल अशी वेगवेगळी नावं ठेवली होती. नाव वेगळं ठेवलं म्हणजे फरक ओळखला होता. त्या नावांची यादी हे विज्ञानाच्या पुस्तकातलं एक पान व्हायला हरकत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्या भागात गेलो होतो. माझी शाखा दुसऱ्या इमारतीत गेली आहे. ज्या बांधावरून आम्ही चाललो होतो तो शोधला, सापडला नाही. तिथं भराव आहे आणि त्यावर कंटेनर एकावर एक रचून ठेवले आहेत. चहाच्या टपरीवर दोघा-तिघांना विचारलं. मिठागर होतं हे एकाला आठवत होतं. नाव मला सांगता येईना. अर्जावर होतं, पण मला ते आठवत नाही.

इकडं आमच्या गच्चीत त्या बरणीतलं उरलेलं पाणी नातीनं एका पसरट बशीत ओतून उन्हात ठेवलं होतं. चार दिवसांनी तिनं मला हाक मारली. बशीच्या कडेला राहिलेल्या तुरटीचे काही खडे, आणि त्यांच्याशेजारी अगदी बारीक, चौकोनी, ठोकळ्यासारखे दाणे. भिंगातून बघून ती म्हणाली, "आजोबा, हे मीठ आहे. पण याला तुरटी लागलेली असणार ना? हे धुवायचं कसं?"

मी म्हटलं, "तूच सांग."

तिनं बराच वेळ बशीकडं पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पेल्यात पाणी घेतलं आणि डब्यातलं मीठ चमचा-चमचा घालून ती ढवळत बसली, ते विरघळायचं थांबेपर्यंत.